सहा चाकांचा रोव्हर संच: घडण उत्तम, बुश कच्चा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानातून दिवाळीच्या सुट्टीत मुलीसाठी सहा चाकांचा रोव्हर, म्हणजे चंद्र-मंगळावर फिरणाऱ्या गाडीची प्रतिकृती, जोडण्याचा संच २,४०० रुपयांना घेतला. दोन महिने वापरल्यावर, त्रुटी असूनही, तो घेण्यासारखा आहे असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

संचाची खरी किंमत त्याच्या सांगाड्यात आहे. दोन्ही बाजूंना एकेक लांब दांडा, त्याच्या एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला दोन चाके सांभाळणारा, सांध्यावर फिरणारा आखूड दांडा. स्प्रिंग कुठेच नाही. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या साडेदहा किलोंच्या सोजर्नर रोव्हरपासून २०२३ साली चंद्रावर उतरलेल्या भारताच्या २६ किलोंच्या प्रज्ञानपर्यंत हीच रचना वापरली गेली. अंगणात आडवी ठेवलेली वीट आमच्या रोव्हरच्या चाकापेक्षा उंच होती. पुढचे चाक तिला टेकले, मागच्या चाकांनी रेटा दिला आणि ते वर चढले, तरी मधली पेटी फारशी कलली नाही. हे पुस्तकातल्या आकृतीवरून कधीच कळले नसते.

गती मात्र चुकली आहे. सोजर्नर आणि प्रज्ञान सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर सरकत, कारण धक्का शोषायला स्प्रिंग नसल्याने सावकाश चालणे हाच या रचनेचा आधार आहे. संचातल्या मोटारी मात्र सुसाट पळतात आणि दगडावर आपटून रोव्हर उलटतो. आम्ही मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा रेग्युलेटर जोडून वेग उतरवला, तेव्हा तो रंकाळ्याकाठच्या खडकाळ जागेतही नीट चालला. सोबतच्या पुस्तिकेत याविषयी एक ओळही नाही.

तिसऱ्या आठवड्यात सांध्यातला प्लास्टिकचा बुश, म्हणजे फिरता भाग ज्यात बसतो ती छोटी नळी, झिजला. सुटा भाग मिळत नाही, नवा संच घ्या, असे दुकानदाराने सांगितले, याचे मला वाईट वाटले. शेवटी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या काकांनी पितळेचा बुश काढून दिला आणि मुलीला हातात कॅलिपर देऊन आतला व्यास मोजायला लावला.

खेळणे आहे म्हणून अशा त्रुटी चालतील, हे म्हणणे मला पटत नाही. जानेवारी २०२४ मध्ये चंद्रावर उतरलेल्या जपानी स्लिम यानाचे छायाचित्र काढणारा चेंडूएवढा, सुमारे २५० ग्रॅमचा सोरा-क्यू रोबो घडवण्यात ताकारा टोमी ही खेळण्यांची कंपनीच सहभागी होती. संचात दोन जादा बुश आणि एक रेग्युलेटर घातला, तर शंभर-दोनशे रुपये जास्त द्यायला माझी तयारी आहे.