तारखेसाठी जाऊ नका, 'होत'साठी जा: जुन्या अंकांच्या फायली आणि निधन वार्ता

वाचनालय सोलापूरच्या जुन्या भागातलं आहे. नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि तिथली माणसं भली आहेत. बघायची सेवा एकच: स्थानिक दैनिकांच्या बांधीव फायली, आणि त्यातल्या निधन वार्तांवरून घराण्याची माहिती जुळते का. जुळते. पण बहुतेक जण जे शोधायला जातात ते तिथे पक्कं मिळत नाही, आणि जे मिळतं त्याच्याकडे कुणी धड बघत नाही.

लोक जातात तारखेसाठी. शेताची वारस नोंद अडलेली असते किंवा जातपडताळणीला वंशावळ हवी असते, आणि पणजोबा कधी गेले हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. पण छापलेलं कात्रण घेऊन गेलात तरी तलाठी ते बाजूलाच ठेवणार. तिथे चालतो महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा मृत्यू दाखला. कात्रणाचं काम एवढंच, की दाखल्यासाठी कुठला महिना आणि कुठली पेठ सांगायची ते त्यावरून कळतं. शिवाय बातमीत "सोमवारी निधन झाले" इतकंच असतं आणि अंक बुधवारचा किंवा गुरुवारचा. अंकाची तारीख हीच मृत्यूची तारीख धरून अर्ज केला की रजिस्टरला नोंद सापडत नाही आणि "नोंद आढळून येत नाही" असा शेरा हातात पडतो. म्हणून आधी वार बघा, मग मागे मोजा.

खरा माल शेवटच्या ओळीत असतो. नमुन्यादाखल, नावं गाळून: "साखर पेठेतील … यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. मृत्यूसमयी त्यांचे वय 78 वर्षे होते. त्यांच्या पश्चात दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे. लक्ष्मी-विष्णू मिलमधील … यांचे ते वडील, तर बार्शी येथील … यांचे सासरे होत." त्या 'होत'च्या आधी जे येतं ते सरकारी दाखल्यात नसतं. सासरे म्हणजे एक लेक बार्शीला दिली होती. मिलचं नाव म्हणजे कामगाराची नोंद, फंडाचे कागद आणि चाळीचा पत्ता शोधायला जागा मिळाली. 'साडू', 'व्याही', 'मेव्हणे' असं काही आलं तर ते वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. आडनाव बदललेली शाखा बहुतेक वेळा तिथूनच सापडते.

नावाआधीची अक्षरं नीट वाचा. 'सौ.' असेल तर बाई गेली तेव्हा नवरा हयात होता. 'गं. भा.' असेल तर तो आधीच गेला होता, म्हणजे त्याची बातमी मागच्या वर्षांत शोधायची. 'श्रीमती'वरून खात्रीनं काही सांगता येत नाही. वडिलांच्या नावाआधी 'कै.' दिसलं तर तीही एक खूणच. 'वैकुंठवासी' म्हणजे बहुधा माळकरी घर, 'लिंगैक्य' किंवा 'शिवैक्य' म्हणजे लिंगायत, 'पैगंबरवासी' म्हणजे मुस्लिम. स्मशानभूमीचं नावही फुकट घालवू नका. अंत्ययात्रा रूपाभवानीला गेली की मोदीला, यावरून निदान शहराचा कुठला भाग ते कळतं. (हे मोदी म्हणजे वस्ती. पुढे जुन्या दप्तरात भेटते ती मोडी लिपी. दोन्हींत घोळ घालणारे कमी नाहीत.)

"दोन मुले, तीन मुली" लिहिलंय तिथे मुले म्हणजे मुलगे. नुसतं "पाच मुले" असेल तर मुलगे की एकूण अपत्यं, हे त्या ओळीवरून ठरत नाही. दहाव्याची किंवा तेराव्याची जाहिरात काढून ताळा करावा लागतो. आणि बायकांच्या बाबतीत जुने अंक फार कंजूस: "… यांच्या मातोश्रींचे निधन" एवढ्यावर भागवलेलं असतं, बाईचं स्वतःचं नाव नाहीच. माहेर कळायचं तर एखाद्या भावाच्या बातमीत "त्या त्यांच्या भगिनी होत" असं सापडण्याची वाट बघायची.

सोलापूरचा खास गुंता भाषांचा. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू रीतीनं आडनाव आधी येतं, मराठी अंकात ते कधी मागे टाकलेलं, कधी जसंच्या तसं. नरसय्या, नर्सय्या, नरसिंह ही एकाच माणसाची तीन रूपं असू शकतात. व्यंकटेश आणि वेंकटेशचं तेच. कन्नड घरांत बसव्वाची बसवाबाई होते, मल्लिकार्जुनाचा मल्लिनाथ होतो. त्यामुळे फायली चाळताना एकच रूप डोळ्यासमोर धरून बसलात तर हातची बातमी निसटते. आधी कागदावर चार-पाच रूपं लिहा आणि नावापेक्षा पेठ आणि धंदा बघत चला. नातेवाइकांची गावंही बोलतात: भिवंडी, सुरत, वरंगल आली तर विणकरांची वाट, इंडी किंवा गुलबर्गा आलं तर सीमेपलीकडचे सोयरे. जुन्या अंकात गुलबर्गा आणि विजापूरच असणार. कलबुर्गी आणि विजयपूर शोधत बसू नका.

पुण्यस्मरणाच्या जाहिराती चकचकीत असतात, फोटोसकट, जन्म आणि मृत्यू दोन्ही तारखा देऊन. इथेच लोक फसतात. जन्मतारीख 1 जून दिसली की थांबा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती ही, निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्या दिवशी असतो. दुसरा फास तिथीचा. वर्षश्राद्ध तिथीनं होतं, चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं. त्यामुळे प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात सुमारे 11 दिवस आधी येते, आणि मध्ये अधिक मास पडला असेल तर साधारण 19 दिवस उशिरा. जाहिरातीच्या तारखेतून सरळ एक वर्ष वजा केलं तर चुकीच्या आठवड्यात शोधत बसाल. शके दिला असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत 78 मिळवा, जानेवारीपासून फाल्गुन अखेरीपर्यंत 79. शके 1892 चा श्रावण म्हणजे 1970.

आता सेवेबद्दल. फायली महिनावार बांधलेल्या आहेत, पाठीवर महिना आणि साल हातानं लिहिलेलं. एका वेळी दोनच मिळतात. परत केल्या की पुढच्या दोन. हा नियम आधी जाचक वाटतो, पण टेबलावर ढीग झाला की पानं फाटतात, तेव्हा बरोबरच आहे. दैनिकाचा एक महिना म्हणजे तीसेक अंक. निधन वार्ता आतल्या ठराविक पानावर, बहुतेक वेळा खालच्या बाजूला. ती जागा एकदा लक्षात आली की महिन्याला पाऊण तास पुरतो. दिवाळी किंवा 15 ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी अंक नसतो, तो फाटला असं समजून ग्रंथपालाशी भांडू नका. वर्ष माहीत आहे पण महिना नाही, अशा तयारीनं गेलात तर दोन सकाळी जातील. नुसतं "साधारण सत्तरच्या आसपास" घेऊन गेलात तर जाऊच नका, आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा: पाऊस होता का, कुणाचं लग्न पुढे ढकललं, गड्ड्याची जत्रा झाली होती की व्हायची होती. जत्रा संक्रांतीची, म्हणजे जानेवारीचा आधीचा की नंतरचा भाग एवढं तरी नक्की होतं.

झेरॉक्स देत नाहीत, मोबाइलनं फोटो काढू देतात. आधी अंकाचं नाव, तारीख आणि पान क्रमांक येईल असा एक फोटो, मग बातमीचा जवळून. हा क्रम पाळला नाही तर घरी आल्यावर चाळीस कात्रणं असतात आणि एकाचीही तारीख नसते. शिवणीत गेलेला मजकूर वाचायला फाईल दाबू नका. न्यूजप्रिंटमधल्या लिग्निनमुळे, म्हणजे लाकडातून आलेल्या घटकामुळे, कागद पिवळा पडून ठिसूळ झालेला असतो, दाबला की घडीवर तुटतो. पान वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातून दोन्ही हातांनी उलटायचं. बोटाला थुंकी लावायची सवय असेल तर ती घरी ठेवून या.

तक्रारी तीन. पावसाळ्यात खालच्या कप्प्यातल्या फायलींना ओल येते आणि पानं एकमेकांना चिकटतात. ती ओढून सुटत नाहीत, तो महिना गेलाच म्हणायचा. दुसरं, कुठले महिने गहाळ आहेत याची यादीच नाही. फाईल मागितल्यावर वीस मिनिटांनी "नाही" कळतं. एका वहीत ही यादी केली तर वाचकांचे आणि शिपायाचे दोघांचेही हेलपाटे वाचतील. तिसरं, दुपारी वाचनालय बंद. बार्शी किंवा मंगळवेढ्याहून एसटीनं येणाऱ्यानं सकाळी दारातच हजर राहावं, नाहीतर मधले चार तास चहावर काढावे लागतात.

घरबसल्या नेटवर होईल का, असं पुष्कळ जण विचारतात. सोलापूरच्या जुन्या अंकांसाठी तरी फारशी आशा नको. ई-पेपर आहेत ते अलीकडचे, आणि पान चित्राच्या रूपात असलं तर नाव टाकून शोध लागत नाही. युनिकोड येण्याआधीच्या वेबसाइटवरचा मजकूर खासगी फॉन्टमध्ये, तोही शोधात सापडत नाही. जुन्या छपाईवर मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर चालवलं तर जोडाक्षरांचा चुराडा होतो. डोळ्यांनी चाळणं हाच मार्ग.

पेपरचं काम झालं की पुढची पायरी दप्तराची. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा महाराष्ट्रात 1 एप्रिल 1970 पासून लागू आहे. त्यानंतरचा मृत्यू शहरात झाला असेल तर महापालिकेत अर्ज करताना महिना, पेठ आणि वडिलांचं नाव तिन्ही द्या. मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते. राहायला मोहोळला पण गेले सोलापूरच्या दवाखान्यात, तर नोंद सोलापूरला. खेड्यातल्या जुन्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, आणि त्या बऱ्याचदा मोडीत. मोडी वाचकाला दाखवण्याआधी पेपरमधून मिळालेली नावं आणि नाती एका कागदावर लिहून द्या, त्याला अर्धं काम सोपं होतं. शेतजमीन असेल तर गाव नमुना 6 क, म्हणजे वारस नोंदवही, आणि त्यावरून झालेला फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, काढा. बातमीत 'पश्चात दोन मुले' आणि फेरफारात तीन नावं निघाली, तर घाईनं पेपरला खोटं ठरवू नका. एक मुलगा आधी वारलेला असून त्याची बायको-मुलं वारस म्हणून आली असतील. आणि घरी हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा, येत असेल तर त्याची पोथी उघडल्यावर कात्रण हातात ठेवा. दोघांचं जिथे जुळत नाही तिथे तिसरा कागद लागणारच.

मिलमध्ये राबलेल्या सामान्य माणसाची बातमी जुन्या काळात छापून येईलच असं नाही, पुढाऱ्याची, वकिलाची, व्यापाऱ्याची आधी यायची. म्हणून आपलं माणूस सापडलं नाही तर त्याच आळीतल्या मोठ्या घरांच्या बातम्यांत नातेवाइकांच्या ओळी तपासा. वाचनालयाला पाचात साडेतीन. अर्धा गहाळ महिन्यांच्या यादीसाठी कापला, एक ओलीसाठी. आलात तर पंचा किंवा रुमाल घेऊन या, फायलींवरची धूळ नाकात जाते.