वुहान की चोंगचिंग: यांगत्सेकाठचं कोणतं शहर आधी पाहावं?

बीजिंग आणि शांघाय झाल्यावर तीन-चार दिवस उरत असतील, तर यांगत्सेकाठचं एक शहर जरूर पाहावं. प्रश्न असतो तो वुहान की चोंगचिंग, एवढाच. दोन्ही संगमावरची शहरं. वुहानला यांगत्सेला हान नदी मिळते, चोंगचिंगला च्यालिंग. दोन्हीकडे उन्हाळा इतका कडक की चिनी लोक त्यांना 'भट्टी' म्हणतात. बाकी मात्र दोघांचा स्वभाव अगदी वेगळा.

चोंगचिंग डोंगरावर चढलेलं आहे. एखाद्या इमारतीत रस्त्यावरून आत जावं आणि कळावं की आपण बाविसाव्या मजल्यावर आहोत. लिझिबा स्थानकावर मोनोरेल राहत्या इमारतीच्या पोटातून जाते, यांगत्सेवरून 1987 पासून रोप-वे चालतो. रात्रीचे दिवे तर विचारूच नका. 'जगातलं सर्वांत मोठं शहर' ही बिरुदावली मात्र फसवी आहे. 1997 मध्ये थेट केंद्राच्या अखत्यारीत आलेला हा सुमारे 82 हजार चौरस किलोमीटरचा प्रांतच आहे, त्यात गावं, शेतं, डोंगर सगळं येतं.

वुहान सपाटीवर पसरलेलं, तळ्यांनी वेढलेलं. पहिल्या दिवशी ते डोळ्यांत भरत नाही, हे आधीच सांगतो. पण नदीने शहर कसं घडवलं हे पाहायचं तर इथंच. वुचांग, हानकौ आणि हानयांग ही मुळात तीन गावं. 1957 मध्ये यांगत्सेवर पहिला पूल झाला, तोवर उत्तरेकडची रेल्वे हानकौला संपायची आणि दक्षिणेकडची वुचांगला सुरू व्हायची. डबे बोटीवर चढवून पलीकडे न्यावे लागत. 1931 च्या पुरात हानकौ कित्येक दिवस पाण्याखाली होतं.

आणि 1911! 9 ऑक्टोबरला हानकौच्या रशियन वसाहतीत क्रांतिकारकांचा बॉम्ब चुकून फुटला, पोलिसांच्या हाती नावांच्या याद्या लागल्या. आता पकडले जाणारच, म्हणून वुचांगच्या सैनिकांनी दुसऱ्याच दिवशी उठाव केला, आणि चार महिन्यांत चीनची शेवटची बादशाही, छिंग राजवट, गेली. हे समजून घेत वुचांगच्या रस्त्यांवरून चालण्याची सर कुठल्याही रोषणाईला येत नाही.

पीतबगळ्याचा मनोरा म्हणून मिरवणारी वास्तू मात्र 1985 ची आहे, जुन्या जागेपासून सुमारे किलोमीटरभर दूर बांधलेली. तिथल्या रांगेत अर्धा दिवस घालवण्यापेक्षा हुपेई प्रांताच्या संग्रहालयात जा. इसवी सनापूर्वी 433 च्या सुमारास पुरलेल्या 65 कांस्य घंटांचा संच तिथे आहे. प्रत्येक घंटा मध्यावर आणि बाजूला वाजवली की दोन वेगळे सूर देते.

युद्धाचा इतिहास दोन्हीकडे आहे. ऑक्टोबर 1938 मध्ये वुहान जपान्यांच्या हाती पडलं आणि चीनची युद्धकालीन राजधानी असलेल्या चोंगचिंगवर जपानी बॉम्बचा वर्षाव वाढत गेला. 5 जून 1941 च्या रात्री तिथल्या भुयारी आसऱ्यात शेकडो माणसं गुदमरून मेली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर 1938-39 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकासोबत वुहानहून यांगत्सेकाठचं यिचांग, तिथून चोंगचिंग असेच पुढे कम्युनिस्टांच्या तळावर, येनानला गेले. ही दोन शहरं दोन मराठी माणसांच्या वाटेवरची आहेत, हे मनात ठेवून पाहिली तर जवळची वाटतात.

जेवणात शाकाहाऱ्याला वुहान सोपं: सकाळची रगानम्येन म्हणजे तिळाच्या वाटणात घोळलेल्या नूडल्स. चोंगचिंगच्या हॉटपॉटचा रस्सा बहुधा गोमांसाच्या चरबीत बनतो, तेव्हा आधी विचारा.

यांगत्सेच्या प्रसिद्ध तीन घळ्यांमधून (थ्री गॉर्जेस) बोटीने जायचं असेल तर चोंगचिंग निवडा, बोटी तिथूनच यिचांगकडे सुटतात. सोबत गुडघे दुखणारे आईवडील असतील तर वुहान. चोंगचिंगच्या पायऱ्या संपत नाहीत. दोन्ही अडचणी नसतील तर मी वुहानच म्हणेन, तेही मार्चअखेर, विद्यापीठातली चेरी फुललेली असताना.