लिहिताना कानात संगीत: सात महिन्यांनंतरचा अनुभव

सात महिने झाले, रोज पहाटे दोन तास कथा लिहिताना कानात एकतर समकालीन पाश्चात्त्य अभिजात संगीत असतं, नाहीतर सिनेमाचं पार्श्वसंगीत. त्याआधी मी गाणी लावून लिहायचे. पण गाण्यातले शब्द आणि मनात जुळत असलेलं वाक्य एकमेकांच्या पायात येतात. एकदा माझ्या पात्राच्या तोंडी गाण्यातलाच शब्दप्रयोग उतरलेला सापडला आणि मी गाणी बंद केली.

सगळ्यात जास्त टिकली ती अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांची 'म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स' (१९७६). रचना साधारण तासाभराची. सुरुवातीला अकरा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) एकामागून एक येऊन जातात, मग एकेका कॉर्डवर एकेक भाग उभा राहतो. त्यात क्लॅरिनेटवाले आपला दमसास सहज पुरेल तेवढाच वेळ सूर धरतात, म्हणून सुरांच्या त्या लाटांना माणसाच्या श्वासाचं माप आहे. तासभर तीच लय चालूनही ती यांत्रिक वाटत नाही, ती बहुतेक यामुळेच. पहिले आठ-दहा दिवस मला ती टोचत राहिली. मग ऐकूच येईनाशी झाली, आणि लिहायला मला नेमकं तेच हवं होतं. आता तीच माझं घड्याळ आहे: सुरू झाली की लिहायचं, संपली की जरा उठायचं.

जर्मन पियानोवादक निल्स फ्राम यांचा 'फेल्ट' (२०११) हा अल्बम कधी रात्री लिहिलं तर त्यासाठी. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यांनी पियानोच्या तारांवर फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं कापड बसवलं होतं. सूर इतके दबके झाले, की पट्ट्यांची आतली खुडबुडही ऐकू येते. कुणीतरी शेजारच्या खोलीत आपलं काम करत बसल्यासारखी सोबत होते. संगीतकार मॅक्स रिख्टर यांची आठ तासांहून मोठी 'स्लीप' (२०१५) झोपेसाठीच लिहिलेली आहे आणि ते काम ती चोख करते. पहाटे लावू नका. एस्टोनियाचे संगीतकार आर्व्हो पेर्त मात्र मी लिहिताना ऐकतच नाही. हात थांबतो.

पार्श्वसंगीत मुळातच संवादांना जागा सोडून रचलेलं असतं, म्हणून ते लेखनाला चालेल असं वाटलं होतं. अर्धंच खरं ठरलं. अल्बममध्ये दोन-तीन मिनिटांचे तुकडे असतात. निरोपाच्या मागोमाग पाठलाग येतो आणि माझा परिच्छेद मध्येच मोडतो. शिवाय सिनेमा पाहिलेला असेल तर सुरांबरोबर त्यातले चेहरेही येतात. म्हणून मी न पाहिलेल्या सिनेमा-मालिकांचं, तेही एकाच वातावरणात राहणारं संगीत निवडते. आइसलँडच्या संगीतकार हिल्दूर गुदनादोत्तिर यांनी 'चेर्नोबिल' (२०१९) या मालिकेसाठी लिथुआनियातल्या बंद पडलेल्या अणुवीज केंद्रात ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजांतून संगीत घडवलं. भीतीचं एक प्रकरण मी तीन आठवडे त्याच्यावरच लिहिलं.

आता खरा दोष. संगीत वाक्याला उसनं वजन देतं. मुलगा घर सोडून गेल्यावर आई त्याच्या खोलीत जाते, असा एक प्रसंग मी चेलो ऐकत लिहिला. लिहिताना डोळे भरून आले होते. दुसऱ्या दिवशी शांततेत वाचलं तर पानावर फक्त एक बाई खिडकी उघडत होती. दुःख सगळं चेलोत राहिलं होतं. हे मला चौथ्या महिन्यात कळलं. तोवरची दोन प्रकरणं पुन्हा लिहावी लागली. तेव्हापासून पहिला खर्डा संगीतात आणि संस्करण पूर्ण शांततेत, मोठ्याने वाचून. संवादही शांततेतच लिहिते, कारण बोलण्याला स्वतःची लय असते आणि ती दुसऱ्या लयीखाली दबते.

एक सूचना: या संगीतात हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर फार असतं. हळू जागेवर आवाज बेतलात तर पुढे ऑर्गन किंवा पितळी वाद्यं आली की दचकायला होतं. मोठी जागा आधी ऐकून आवाज तिथे ठरवा. ऑटोप्ले बंद ठेवा. सुरुवात राइशपासून करणार असाल तर निदान दोन आठवडे द्या. पहिल्या तीन दिवसांत मीही सोडून देणार होते.