चौदा खंड, दहा महिने: ‘द व्हील ऑफ टाइम’ संपवल्यानंतरचा अनुभव

रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या इंग्रजी फँटसी कादंबरीमालिकेचा चौदावा आणि शेवटचा खंड मी गेल्या आठवड्यात वाचून संपवला, तेव्हा पहिला खंड उघडल्याला दहा महिने होऊन गेले होते. संपूर्ण मालिका सुमारे ४४ लाख शब्दांची आहे. त्यामुळे या दहा महिन्यांत रोजचा एक ते दीड तास तिच्याच नावावर होता, निम्मा ई-रीडरवर आणि उरलेला ऑडिओबुक ऐकण्यात. इतका वेळ देऊन झाल्यावर ‘ही मालिका नव्या वाचकाने घ्यावी का’ या प्रश्नाला माझे उत्तर ‘घ्यावी’ असेच आहे. मात्र ती सुचवणारे चाहते एक गोष्ट हातचे राखून सांगतात, असे मला वाटते. ही कथा कुठे आणि किती रेंगाळते, हे नव्या वाचकाला आधी कळले पाहिजे, कारण अर्ध्यावर सोडून देणाऱ्यांची फसगत नेमकी तिथेच होते.

१९९० साली आलेला पहिला खंड सुरुवातीला ओळखीच्या वळणाचा वाटतो. आडबाजूचे एक खेडे, तिथली साधीसुधी मुले, अचानक येऊन पोहोचलेली एक गूढ स्त्री आणि रातोरात करावे लागणारे पलायन, हा सगळा सरंजाम या साहित्यप्रकाराच्या वाचकाने आधी पाहिलेला असतो. तरीही पहिल्याच प्रकरणात मला थांबवणारी एक जागा आली. रँड हा मुलगा वडिलांबरोबर गाडीच्या बाजूने गावाकडे चाललेला असतो, सोसाट्याचा वारा त्याच्या अंगावरचा झगा ओढत असतो, आणि मागे वळून पाहताच त्याला काळ्या झग्यातला एक घोडेस्वार दिसतो. त्या स्वाराचा झगा मात्र त्या वाऱ्यात तसूभरही हललेला नसतो. भीती उभी करण्यासाठी लेखकाला रक्ताचा एक थेंबही सांडावा लागलेला नाही, आणि अशी सूक्ष्म निरीक्षणे पुढे शेकडो पानांवर विखुरलेली आहेत.

या जगाचा खरा पाया त्यातल्या जादूच्या नियमात आहे. सृष्टी चालवणाऱ्या शक्तीचे स्त्रीरूप आणि पुरुषरूप असे दोन भाग आहेत. त्यांपैकी पुरुषांच्या वाट्याचा भाग फार पूर्वी विटाळला गेला, त्यामुळे ती शक्ती वापरणारा पुरुष आज ना उद्या वेडा होतो. साहजिकच सगळी सत्ता, सगळे ज्ञान आणि सगळे राजकारण ‘एस सेडाय’ नावाच्या स्त्रियांच्या संघटनेभोवती फिरते. या संघटनेचे रंगांवरून ओळखले जाणारे सात गट असून ते एकमेकांवर बारीक नजर ठेवून असतात. आणि जगाला वाचवण्याचे भाकीत झाले आहे ते एका पुरुषाबद्दल. म्हणजे ज्याच्यावाचून सुटका नाही, त्याच्याच हातून सर्वनाश होण्याची भीती. चौदा खंड तोलून धरणारा हा पेच मला शेवटपर्यंत शिळा वाटला नाही.

मराठी वाचकाला एक गोष्ट आयती मिळते, ती म्हणजे कालचक्र आणि पुनर्जन्म या कल्पना समजावून घेण्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत. जॉर्डन यांचे चक्र मात्र चार युगांचे नसून सात युगांचे आहे आणि त्यात प्रत्येक युग आधीच्यापेक्षा खालावत जाते असेही नाही. जे घडले त्याची आधी आख्यायिका होते, मग दंतकथा होते आणि शेवटी तीही विसरली जाते; आणि ते युग पुन्हा फिरून येते. चौथ्या खंडात एका राजवाड्यातल्या जुन्यापुराण्या वस्तूंच्या संग्रहात वर्तुळात बसवलेली तीन टोकांची चंदेरी चांदणी दिसते. ती कशाची, हे तिथल्या कोणालाच ठाऊक नाही. मीही ते वाक्य वाचून पुढे गेलो आणि दोन दिवसांनी एका मोटारगाडीच्या बॉनेटवर तेच चिन्ह पाहून जागच्या जागी हसलो. आपलेच युग त्या लोकांची विसरलेली दंतकथा आहे, हे लेखकाने कुठेही ठासून सांगितलेले नाही.

१९९२ साली प्रसिद्ध झालेला हा चौथा खंड माझ्या मते मालिकेचा कळस आहे. त्यात एक पात्र काचेच्या खांबांच्या दाटीतून चालत जाते आणि प्रत्येक काही पावलांगणिक आपल्या पूर्वजांपैकी एकेकाच्या डोळ्यांनी पाहू लागते. हा प्रवास उलट्या दिशेने होतो, आधी अलीकडचा पूर्वज, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्याही आधीचा. त्यामुळे एखाद्या रूढीचे टोक आधी दिसते आणि ती कुठल्या दुःखातून जन्मली हे पुढच्या पावलावर कळते. ती दोन प्रकरणे मी त्याच रात्री पुन्हा वाचली, दुसऱ्या वेळी मुद्दाम शेवटाकडून सुरुवातीकडे.

याच कारणाने ‘चौथ्या खंडापर्यंत धीर धरा’ असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो मला पटत नाही. चौथ्या खंडाला हात लावण्याआधी सुमारे आठ लाख शब्द वाचून व्हावे लागतात. एवढा धीर धरायला सांगणे म्हणजे वाचकाला वेठीला धरणे आहे. माझ्या मते दुसरा खंड संपला की निर्णय घ्यावा. तोवर त्या खेड्यातून निघालेल्या रँड, मॅट, पेरिन, एग्वेन आणि नायनीव्ह यांच्यापैकी एकाचीही काळजी वाटू लागली नसेल, तर मालिका खुशाल बाजूला ठेवावी, आणि त्यात आपले काही चुकले असे मानू नये.

आता रेंगाळण्याविषयी. सातव्या खंडापासून वेग मंदावतो आणि आठव्यापासून दहाव्यापर्यंतचा पट्टा खरोखर जड जातो. आठव्यात मॅट हे माझे सर्वांत आवडते पात्र एकदाही येत नाही. त्याच खंडाच्या अखेरीस सुरू झालेला एका अपहरणाचा धागा थेट अकराव्यात सुटतो. २००३ सालचा दहावा खंड तर सहनशीलतेची परीक्षा आहे, कारण नवव्याच्या अखेरीस एक प्रचंड घटना घडून जाते आणि दहाव्याचा मोठा भाग इतर मंडळी त्याच वेळी कुठे काय करत होती हे सांगण्यात जातो. पुस्तक ज्या दिवशी बाजारात येईल त्या दिवशी घेऊन पुढच्या खंडासाठी जवळजवळ तीन वर्षे ताटकळलेल्या वाचकांचा संताप मला आता समजतो. आपल्यापुढे मात्र अकरावा तयार असतो, हा उशिरा येणाऱ्याचा फायदा. हा पट्टा मी ऑडिओबुकच्या आधाराने पार केला. केट रीडिंग आणि मायकल क्रेमर हे दोघे आलटून पालटून वाचतात, आणि ज्या वर्णनांवर डोळा अडखळला असता ती कानाला सुसह्य होतात.

लेखकाच्या काही सवयी मात्र कोणत्याही माध्यमात खुपतात. नायनीव्ह रागावली की वेणी ओढते, आणि ती रागावते वारंवार. स्त्रिया घागऱ्याच्या चुण्या सारख्या करतात, हाताची घडी घालतात, नाक मुरडतात. ‘पुरुषांना अक्कल नसते’ आणि ‘बायकांचे मन कळत नाही’ हे उद्गार दोन्ही बाजूंनी इतक्या वेळा येतात, की सत्तेच्या एवढ्या बारकाईने केलेल्या मांडणीपुढे ते पोरकट वाटतात. सहाव्या खंडात मी वेण्या मोजायला सुरुवात केली होती. पुढे तो नाद सोडला.

जॉर्डन यांचे २००७ साली निधन झाले, तेव्हा अकरा खंड प्रसिद्ध झाले होते. त्यांनी मागे ठेवलेल्या टिपणांवरून आणि लिहून ठेवलेल्या काही प्रसंगांवरून ब्रँडन सँडरसन यांनी उरलेली कथा २००९ ते २०१३ या काळात तीन खंडांत पूर्ण केली; त्यांची निवड जॉर्डन यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी केली होती. हात बदलल्याचे जाणवते. वाक्ये आखूड होतात, गाडी भरधाव सुटते, आणि बाराव्या खंडातला मॅट विनोद करताना परका वाटतो. पण सोडून दिलेले इतके धागे इतक्या नेकीने गोळा झालेले पाहून माझी तक्रार बोथट झाली. शेवटच्या खंडात अंतिम युद्धाचे एकच प्रकरण एखाद्या स्वतंत्र कादंबरीएवढे आहे. ते सुरू करण्यापूर्वी सुट्टीचा दिवस मोकळा ठेवावा.

एक चूक मी केली ती नव्या वाचकाने करू नये. तिसऱ्या खंडात एका पात्राचे नाव आठवेना म्हणून मी ते शोधपट्टीत टाकले, तर खाली पहिलीच सूचना त्याच्या मृत्यूविषयीची आली. त्यानंतर मी एक वही घातली. मालिकेत नावानिशी येणारी पात्रे दोन हजारांहून अधिक आहेत, पण सगळी टिपण्याची गरज नसते. एस सेडाय स्त्रीचे नाव आणि तिच्या गटाचा रंग एवढे लिहून ठेवले तरी बरेचसे निभते. खंडाच्या शेवटी शब्दसूची असतेच, तीही तो खंड संपल्यावर चाळावी. दूरचित्रमालिकेचे तीन हंगाम २०२१ ते २०२५ या काळात आले आणि तिथेच थांबले. त्यात कथानक बरेच बदललेले असल्याने ती पाहिली असली तरी वाचन पहिल्या पानापासूनच सुरू करावे लागेल.

राहता राहिली २००४ सालची छोटेखानी पूर्वकथा. काळाच्या हिशेबाने ती सर्वांत आधीची असली तरी तिच्यापासून सुरुवात करू नये, कारण पहिल्या खंडात मोरेन या स्त्रीवर विश्वास ठेवावा की नाही हा संशय वाचकाच्या मनात राहणे फार गरजेचे आहे, आणि पूर्वकथा तो आधीच मिटवून टाकते. मी ती दहाव्या खंडानंतर, म्हणजे प्रसिद्ध झाली त्याच क्रमाने वाचली. दहाव्याने आलेला थकवा तिच्यामुळे दोन दिवसांत उतरला.