कॅम्पर व्हॅनच्या सोलरसाठी कंट्रोलर पीडब्ल्यूएम घ्यायचा की एमपीपीटी?

आधी व्हॅनच्या टपावर कुठलं सोलर पॅनल बसणारे ते बघा, कंट्रोलरचं (पॅनल आणि बॅटरीच्या मधला, चार्जिंग सांभाळणारा डबा; पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी हे त्याचे दोन प्रकार) नंतर. पीडब्ल्यूएम पॅनलला सरळ बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो, म्हणजे १०० वॅटचं १८ व्होल्टवालं पॅनल साडेपाच अँपिअर देत असेल तर १३ व्होल्टच्या बॅटरीत जेमतेम ७०-७२ वॅट जातात, बाकीचे गेलेच. एमपीपीटी तेच जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलतो त्यामुळे ९० च्या वर सहज मिळतात, अर्थात कडक ऊन असेल तर.

पण खरा फरक घराच्या छतावरचं ६० सेलचं पॅनल लावलं की कळतो! २५० वॅट, ३० व्होल्ट, ८.३ अँपिअर, आणि पीडब्ल्यूएमवर त्याच १३ व्होल्टच्या बॅटरीत हातात येतात फक्त १०८ वॅट. इथे पीडब्ल्यूएम घेऊच नका, प्लीज.

एकच छोटं १२ व्होल्टचं पॅनल, पंखा, दोन एलईडी आणि मोबाईल चार्जिंग एवढंच असेल तर पीडब्ल्यूएम पुरतो, स्वस्तही पडतो. शिवाय मे महिन्यात टप तापला की पॅनलचं व्होल्टेज उतरतं आणि एमपीपीटीचा फायदाही कमी होतो. फ्रिज असेल तर मात्र एमपीपीटीच.

लडाखला नेणार असाल तर थंडीत पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काही जोडलेलं नसतानाचं) वाढतं, त्यामुळे ७५ व्होल्ट लिमिटच्या कंट्रोलरवर पॅनल सिरीजमध्ये (एकापुढे एक, म्हणजे व्होल्टेजची बेरीज होते) जोडताना मार्जिन ठेवा. लिथियम बॅटरी असेल तर दोन्हीत तिचं सेटिंग आहे का ते तपासा, आणि तापमान शून्य अंशाखाली असताना ती चार्ज करायची नाही.

आणि हो, एमपीपीटी लिहिलेला पण हाताला हलका लागणारा स्वस्त डबा बहुतेक वेळा आतून पीडब्ल्यूएमच असतो.