सुनेचं आजोळ शोधताना : फॅमिलीसर्चचा आठ महिन्यांचा अनुभव

नातीच्या बारशाला मी आमच्या घरची वंशावळ बाहेर काढली होती. त्र्यंबकेश्वरच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतून उतरवून घेतलेली, सात पिढ्यांची. विहीणबाईंनी ती बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाल्या, "आमच्याकडे माझ्या आजोबांच्या मागचं कोणालाच ठाऊक नाही." आमची सून कृष्णवर्णीय कुटुंबातली. तिचं आजोळ अलाबामा राज्यातल्या विल्कॉक्स काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात), कापसाच्या मुलखात. तेव्हापासून जवळजवळ दर रविवारी आम्ही दोघी फॅमिलीसर्च उघडून बसतो.

हे संकेतस्थळ सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन चर्चचं आहे. खातं उघडावं लागतं, पैसे मात्र लागत नाहीत. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि त्यातली नावं ७२ वर्षं बंद ठेवतात. १९५० ची पानं २०२२ मध्ये खुली झाली, म्हणून शोध तिथून सुरू करायचा आणि एकेक दशक मागे सरकायचं.

पहिले दोन महिने आम्ही नुसती सूची, म्हणजे पानांवरून टंकून घेतलेल्या नावांची यादी, वापरली आणि वेळ घालवला. सूचीवर विसंबू नका, मूळ पानाचं चित्र उघडाच. गणनेचा कारकून दारात उभा राहून कानाला ऐकू आलं तसं नाव लिहायचा, त्यामुळे एकच आडनाव आम्हाला चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडलं. पॉली म्हणजे मेरी आणि पॅट्सी म्हणजे मार्था, हे मला विहीणबाईंनीच सांगितलं. वयाचंही तसंच : दहा वर्षांत माणूस सात वर्षांनीच मोठा होतो, कधी तेरा वर्षांनी. आणि शेजारची घरं वाचायला विसरू नका. खंडानं जमीन कसणारी कुटुंबं सारखी जागा बदलत, पण मेहुणा, मावशी अशी माणसं बहुधा दोन-चार घरांच्या अंतरावर असायची.

पैसे भरून वापरायचं एक संकेतस्थळही घेऊन पाहिलं. तिथे कोणीतरी विहीणबाईंच्या पणजीला दुसऱ्याच काउंटीतल्या त्याच नावाच्या बाईचे आईवडील चिकटवले होते आणि पुढच्यांनी ते डोळे मिटून उतरवून घेतले होते. मी कळवलं, उत्तर आलं नाही. दुसऱ्याने तिथे टाकलेल्या वंशावळीतून काहीही उचलू नका.

मागे जाताना १८७० ला भिंत लागते. गुलामगिरीतून सुटलेल्या बहुतेक माणसांची नावं जनगणनेत पहिल्यांदा येतात ती त्या वर्षी. १८५० आणि १८६० ला गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या गेल्या. त्यात नाव मालकाचं, आणि त्याखाली वय, लिंग, रंग, एवढंच. १८६० ची तशी यादी आम्ही एकदाच उघडली. "स्त्री, वय २, काळी." पणजी त्या सुमारास दोन वर्षांचीच असणार. ती हीच, असं म्हणायला कुठलाही पुरावा नाही, आणि मी ते वंशावळीत लिहू दिलेलं नाही. पण विहीणबाई त्या ओळीवरून बराच वेळ हलल्या नाहीत. पणजीच्या वडिलांचं नाव मात्र अलाबामाच्या १८६७ च्या मतदार नोंदणीत मिळालं. सुटकेनंतर दोन वर्षांत केलेली ती नोंद. तिची छापील प्रत आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत लावली आहे.

आता मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट सांगते. १९०० च्या जनगणनेत बायकांना दोन प्रश्न विचारले होते : मुलं किती झाली, आणि त्यातली जिवंत किती. पणजीच्या नावापुढे शेजारशेजारच्या दोन रकान्यांत आकडे आहेत, ११ आणि ७. विहीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "चार." त्या चार मुलांची नावं आम्हाला कुठेच सापडलेली नाहीत. १८९० ची जनगणना वॉशिंग्टनला १९२१ च्या आगीमुळे जवळजवळ सगळी गेली. अलाबामातल्या पेरी काउंटीची थोडी पानं वाचली, आमच्या विल्कॉक्सची नाहीत. त्यामुळे १८८० आणि १९०० या दोन जनगणनांमधल्या वीस वर्षांत जन्मून गेलेलं मूल कागदावर उरतच नाही.

१९०० ला घरात एक सोळा वर्षांची मुलगी दिसते, विहीणबाईंच्या आजोबांची थोरली बहीण. १९१० ला ती घरात नाही. गेली असेल असंच सगळे धरून चालले होते. पण तेच दोन प्रश्न १९१० लाही विचारले होते, आणि पणजीपुढे पुन्हा ११ आणि ७. आकडा कमी झालेला नव्हता. मुलगी जिवंत होती, फक्त लग्नाने आडनाव बदललं होतं, आणि जनगणनेतून ते आडनाव कळायला मार्ग नव्हता.

ते कळलं मृत्युलेखावरून. गावच्या वर्तमानपत्रांत त्या काळी कृष्णवर्णीयांचे मृत्युलेख क्वचित छापले जात, पण चर्चमध्ये अंत्यविधीला छापील पत्रिका वाटायची रीत आहे आणि बायका त्या बायबलमध्ये जपून ठेवतात. तुमच्याकडे अशी पत्रिका असेल तर संगणकाआधी ती काढा. विहीणबाईंच्या आईच्या बायबलमध्ये आजोबांची १९६१ ची पत्रिका निघाली. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, आणि शेवटी मागे राहिलेल्या नातलगांची नावं. त्यात एक बहीण, "मिसेस" म्हणून नवऱ्याच्या नावाने लिहिलेली, गाव क्लीव्हलँड, ओहायो. तिचं स्वतःचं नाव पत्रिकेत कुठेच नव्हतं.

नवऱ्याच्या नावाने १९४० ची क्लीव्हलँडची पानं शोधली. तिसऱ्या रविवारी तो सापडला, खालच्याच ओळीत बायको : वय ५६, जन्म अलाबामा, नाव तेच. त्या वर्षी कारकुनाला माहिती देणाऱ्या माणसाच्या नावापुढे वर्तुळात फुली मारत. ती फुली तिच्या नावापुढे आहे. दार तिनेच उघडलं होतं, अलाबामा हा शब्द तिनेच सांगितला होता. विहीणबाईंनी तिथल्या तिथे आमच्या सुनेला फोन लावला आणि पहिलंच वाक्य म्हणाल्या, "आत्या सापडली."