रेसिडेंट डॉक्टर असलेल्या आईंसाठी: हॉस्पिटलमागच्या गल्लीतलं काकूंचं पाळणाघर

ज्यांचं एमडी-एमएस चालू आहे आणि पदरात तान्हं बाळ आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा नीट सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. पुण्यात आमच्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत हे पाळणाघर आहे, बोर्ड वगैरे काही नाही, काकूंच्या राहत्या घरातल्याच दोन खोल्या, हाताखाली दोन मावश्या आणि मुलं दहा-बारा. पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते खाली सांगते.

मी अॅनेस्थेशियाला (भूल विभागात) जेआर टू आहे, म्हणजे दुसऱ्या वर्षाची ज्युनियर रेसिडेंट. नवरा चाकणला शिफ्ट ड्यूटीत, आई अजून नोकरी करते, सासूबाई गावाकडे सासऱ्यांचं डायलिसिस सांभाळतायत, म्हणजे दिवसा लेकीला घ्यायला घरात कुणीच नाही. नॅशनल मेडिकल कमिशनच्या (एनएमसी) २०२३ च्या नियमात पीजीवाल्यांना मॅटर्निटी लीव्ह आहे, पण ठरलेल्यापेक्षा जास्त रजा झाली की टर्म तेवढीच पुढे जाते आणि हजेरी ८० टक्के लागते, त्यामुळे अजून थोडे महिने घरी थांबू असं म्हणायची सोयच नव्हती. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जाऊ द्यायला हवं असं कायदा २०१७ पासून सांगतोय, पण आमच्याकडे अजून तसली खोली नाही आणि हे मला मनापासून लागतं, कारण आमच्या बॅचमध्ये मी एकटीच आई नाहीये.

बाकीची पाळणाघरं पण बघून आले होते. जागा छान, खेळणी छान, भिंतीवर हत्ती-ससे, पण मूल न्यायची वेळ सात म्हणजे सात, त्यानंतर दर पंधरा मिनिटांना दंड आणि वर बोलणी. आता आमच्या कामात पेशंट टेबलवर असताना रिलीव्हर, म्हणजे आपली जागा घेणारा दुसरा डॉक्टर, आल्याशिवाय ऑपरेशन थिएटरमधून (ओटी) हलता येत नाही, हे बाहेरच्या माणसाला कसं समजवायचं? काकूंना समजवावं लागलं नाही. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बाळा, तुझं रोस्टर दे मला." महिन्याच्या सुरुवातीला मी रोस्टरचा फोटो व्हॉट्सॅपवर टाकते, त्या शेजारच्या दुकानातून त्याची प्रिंट काढून आणतात आणि स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवतात, इमर्जन्सी ड्यूटीच्या दिवसाला लाल गोल, त्याच्या दुसऱ्या दिवसाला, म्हणजे पोस्ट-इमर्जन्सीला, हिरवा. लाल गोल असला की लेकीचं रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच, मऊ मुगाची खिचडी आणि वर तूप, आणि नवरा शिफ्ट संपवून तिला घेऊन जातो. नऊपर्यंत ठेवतात, त्याचे तासाला शंभर रुपये जास्त, एरवी महिन्याचे साडेसात हजार. स्टायपेंडमधून जातात ते, पण मला ते पैसे जड वाटत नाहीत.

मध्ये एकदा शेवटची केस संध्याकाळी घेतली, सर्जन म्हणाले तासाभराची आहे, आत गेल्यावर ब्लीडिंग सुरू झालं आणि केस लांबतच गेली, फोन लॉकरमध्ये, नवरा नाइटला. पेशंटला एक्स्ट्युबेट करून (श्वासाची नळी काढून) रिकव्हरीत शिफ्ट केलं आणि बाहेर येऊन फोन बघितला तर काकूंचा एकच मेसेज, लेक त्यांच्या गोधडीवर झोपलीय असा फोटो आणि खाली "सावकाश ये, जेवलीय". एकही मिस्ड कॉल नाही. ज्या बाईला हे कळतं की ओटीत असलेल्या आईला दहा फोन करून उपयोग नसतो, तिच्याकडे पोर निर्धास्त सोडता येतं.

दुधाबद्दल सविस्तर सांगते कारण सगळ्याजणी हेच विचारतात. मी पंप करून दूध आइस पॅकच्या बॅगेत आणायचे, बाटलीवर मायक्रोपोरची चिकटपट्टी लावून त्यावर तारीख-वेळ लिहायचे. काकूंना आधी ते पटत नव्हतं, काढून ठेवलेलं दूध बाळाला कसं द्यायचं म्हणून. मी त्यांना सांगितलं की मुंबईच्या आपल्या सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ पासून ह्यूमन मिल्क बँक आहे, आशियातली पहिली, तिथे तर दुसऱ्या आयांचं दूध नवजात बाळांना देतात. मग ऐकलं त्यांनी. बाहेर ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस, उकळायचं नाही, मायक्रोवेव्ह नाही, कोमट पाण्याच्या वाटीत बाटली ठेवायची, हे एका कागदावर लिहून फ्रिजला लावलंय आणि आता नवीन आयांना त्याच शिकवतात.

स्वच्छतेच्या बाबतीत कडक आहेत. हॉस्पिटलचा एप्रन घालून उंबऱ्याच्या आत यायचं नाही, आधी साबणाने हात धुवा मग लेकराला घ्या. ठेवतानाच लसीकरणाचं कार्ड मागितलं आणि नऊ महिन्यांच्या एमआर (गोवर-रुबेला) लसीची आठवण आमच्याआधी त्यांनी केली, मी डॉक्टर असून मला त्याचं कौतुक वाटलं.

आता अर्धा स्टार. दुपारी टीव्ही चालू असतो, मावश्यांची मालिका असते आणि मोठी मुलं तोंड उघडं टाकून बघत बसतात. दोनदा बोलले, आवाज कमी झाला, बंद नाही झाला. पहिला मजला, जिना अरुंद, लिफ्ट नाही. आणि ताप असला की मूल घेत नाहीत, मध्येच ताप आला तर तासाभरात येऊन न्या म्हणतात. नियम बरोबरच आहे, बाकीच्या पोरांचा विचार करायलाच हवा, पण तुमच्याकडे दुसरी सोय हवी. आम्हाला वर्षाला २० कॅज्युअल रजा, त्यातल्या बऱ्याचशा लेकीच्या सर्दीतापातच जातात, उरलेल्या वेळी नवरा सुट्टी टाकतो. थिसिसचा डेटा अजून अर्धाच झालाय, तोसुद्धा लेक काकूंकडे झोपलेली असताना लायब्ररीत बसून.

ज्यांना कॅमेऱ्यावर दिवसभर बघायचंय किंवा इंग्लिश राइम्स वगैरे पाहिजेत त्यांनी दुसरीकडे बघा, इथे ते नाही. ज्यांची ड्यूटी कधी संपेल सांगता येत नाही त्यांनी इथेच या. नवीन जेआर वन जॉइन होतात तेव्हा जागा पटापट भरतात, म्हणून रजेवर असतानाच जाऊन नाव घालून ठेवा, आणि दुपारी दोन ते चार जाऊ नका, मुलं झोपलेली असतात, काकू दार उघडत नाहीत.